मी न पाहिलेली खोली

हे मी आजवर कुणालाही बोलले नाही. आमच्या ह्यांना नाही, लेकीला नाही. देवापुढे रोज हात जोडते, पण तिथेही हा विषय शिताफीनं टाळते — त्याला ठाऊकच असणार, मग कशाला उगाच? तुम्हाला मात्र सांगते. तुमची-माझी ओळख नाही म्हणून कदाचित जमेल. मध्येच थांबले, भलतीकडे गेले, तर चालवून घ्या. तशी मी तोंडाची फटकळ, सगळी गल्ली सांगेल. पण फटकळ बोलणं वेगळं आणि खरं बोलणं वेगळं, नाही का?

सिनेमापासून सुरुवात करते. ते सोपं आहे.

मध्यंतरी आमच्या साहेबांवर सिनेमा आला. साहेब म्हणजे एके काळी नाशकात पोलीस खात्यात होते ते. त्यांची गाडी वळणावर दिसली तरी टपोरी पोरं टपऱ्यांवरून उठून चालू पडायची, असा दरारा. आता निवृत्त झालेत, टीव्हीवर येतात, पोरांना शिस्तीवर भाषणं देतात. त्यांचा सिनेमा म्हटल्यावर काय विचारता! रिक्षांच्या पाठीवर पोस्टर, शालिमारच्या चौकात पोस्टर. आमच्या भिशीतल्या बायकांनी आधीच ठरवलं, की सगळ्यांनी मिळून जायचं. आणि मला तर साहेबांचा स्वतःचा फोन. "ताई, पास पाठवतोय. बघा हं, तुम्हीपण आहात त्यात."

मी हसले. फोन ठेवला. मी आहे? कुठली मी?

बरं, सिनेमा कसा होता विचाराल, तर भिकार. सरळ शब्द वापरते. पहिल्या अर्ध्या तासात गोदावरी सात-आठ वेळा वरून दाखवली, रामकुंडावर एक माणूस नाही — रामकुंडावर माणूस नाही असं कधी झालंय का हो? साहेबांचं काम करणारा नट द्राक्षाच्या मळ्यात गाणं म्हणत होता, मांडवाच्या तारांना धरून, युनिफॉर्मवर! खरे साहेब गालातल्या गालात हसायचेसुद्धा नाहीत. गुंड सगळे हिंदीत ओरडत होते. मागच्या रांगेतली पोरं मोठमोठ्यानं जांभया देत होती. आमची सरोज म्हणाली, "इंटरव्हलला समोसे खाऊन सटकू या गं." अर्ध्या बायका खरंच सटकल्या, सरोज मात्र माझ्यासाठी थांबली. मी नाही गेले. मला जाता येईना.

कारण ती केस अजून यायची होती.

आता हे सांगायचं तर मला माझ्या दुकानापाशी यावं लागेल. पोलीस चौकीच्या समोर माझं शिवणाचं दुकान आहे, ब्लाउज, परकर, फॉल-पिको. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षीपासून. पोलिसांनी कुणाच्या घरी झडती घेतली, काही जप्त केलं, की ते समक्ष पाहणारी बाहेरची दोन माणसं लागतात, त्यांना पंच म्हणतात. लोक पंच व्हायला तयार नसतात, पुढे कोर्टाच्या खेपा कोण घालणार? मग पोलिसांची नेहमीची मंडळी ठरलेली असतात. आमच्याकडे कोपऱ्यावरचा पानवाला आणि, बाईमाणसाच्या घरची झडती असली की, मी. हवालदार दारातूनच ओरडायचा, "ताई, चला!" मी मशीन थांबवायचे, जायचे, दाखवतील तिथे सही करायचे. नीट पाहिलं का, किती पाहिलं, हे कुणी विचारायचं नाही. पानवाला तर म्हणायचा, आपण बघायला थोडेच जातो, आपण असायला जातो. आम्ही त्यावर हसायचो. यात काही गैर आहे असं मला खरंच वाटत नव्हतं... बघा, लगेच सबब निघाली तोंडातून. ती सोडून द्या.

मला मान मिळायचा, हे खरं. साहेब मला ताई म्हणायचे. जीपमध्ये पुढे बसवायचे.

आणि मंदा. तिचं नाव घ्यायला मी इतका वेळ लावला, पाहिलंत?

मंदा गंगापूर रोडला एका बंगल्यात धुणीभांडी करायची. पेठ तालुक्याकडची, नवरा सोडून गेलेला, एकटीच वस्तीत खोली घेऊन राहायची. त्या बंगल्यातल्या आजी एका दुपारी मरून पडलेल्या सापडल्या, अंगावरचं आणि कपाटातलं सोनं गेलेलं. घर मोठं, नाव मोठं. शहरात हाहाकार झाला. साहेबांनी जाहीर केलं, दोन दिवसांत आरोपी हजर करतो. दुसऱ्या दिवशी मंदाला उचललं. तिनंच चोरांना दार उघडलं, असं म्हणणं होतं. ते चोर कधी सापडले नाहीत. सापडलं ते सोनं, तिच्या खोलीत, गव्हाच्या कोठीत पुरलेल्या स्टीलच्या डब्यात. दोन पंचांसमक्ष.

दोन पंचांसमक्ष — त्यातली एक मी.

त्या दिवशी मी नवी साडी नेसले होते. साहेब स्वतः येणार होते ना! जीप वस्तीच्या तोंडाशी थांबली. पुढे बोळ, मधून गटार वाहतंय. साहेब उतरले, माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "ताई, तुम्ही बसा. साडी खराब होईल. आम्ही घेऊन येतो." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! एवढा मोठा माणूस, एवढ्या गडबडीत, आणि माझ्या साडीचा विचार करतो. मी बसले. पानवालाही खाली उतरून विडी ओढत उभा राहिला. बऱ्याच वेळानं ते आले, हवालदाराच्या हातात डबा, मंदाच्या डोक्यावरून पदर ओढलेला. पंचनाम्याचा कागद जीपच्या बॉनेटवर ठेवून मी सही केली.

ती खोली मी पाहिली नाही. बोळसुद्धा ओलांडला नाही.

एवढंच असतं तर... नाही, एवढंही पुष्कळ आहे. पण माझा गुन्हा याहून मोठा आहे, तो कोर्टातला.

साक्षीच्या आधी हवालदारानं मला पढवलं होतं, दार कुठल्या बाजूला, कोठी कुठे, स्टोव्ह कुठे. पानवाला तोवर काविळीनं गेला होता, म्हणजे सगळी मदार माझ्यावर. मी धडाधड उत्तरं दिली. मंदाचा वकील सरकारनं दिलेला, पोरसवदा. पण हुशार निघाला. म्हणाला, "बाई, तुम्ही खोलीत होता ना? मग आणखी काय काय होतं ते सांगा." मी म्हटलं, कोठी. "ते झालं. आणखी?" स्टोव्ह. "आणखी?" साहेब मागच्या बाकावर बसलेले, माझी पाठ जळत होती त्यांच्या नजरेनं. मंदाच्या मालकीची एकही गोष्ट मला माहीत नव्हती.

एक सोडून.

मी म्हटलं, "खुंटीवर हिरवं पोलकं होतं. खणाचं. डाव्या बाहीची शिलाई राहिली होती, नुसत्या टाचण्या लावलेल्या."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तेही जरासे हसले. शिंपीणबाई, तिला नाही दिसणार तर कुणाला? तो वकील खाली बसला. पुढे साहेबांनीच मला सांगितलं, की निकालात माझ्या त्या वाक्याला मोठं वजन मिळालं. शिवणकाम करणाऱ्या बाईला अशीच गोष्ट दिसणार, ही बनवलेली वाटत नाही, असा अर्थ होता म्हणे. मंदाला जन्मठेप झाली. मोहल्ला कमिटीनं माझा सत्कार केला. साहेबांच्या हस्ते शाल घेतानाचा फोटो दुकानात अजून आहे.

आता ऐका. ते पोलकं होतं. मी हवेतून नव्हतं काढलं. मंदानंच मला शिवायला दिलं होतं, भावानं भाऊबीजेला दिलेला हिरवा खण. "घाई नाय ताई," म्हणाली होती, "पन नीट शिवा. असं चांगलं माझं पहिलंच हाय." डावी बाही तेवढी शिवायची राहिली होती, तेवढ्यात तिला धरून नेलं. मी शपथेवर ते तिच्या खुंटीवर टांगलं, त्या दिवशी ते माझ्या दुकानातल्या कपाटात होतं. पिशवीत, टाचण्यांसकट.

आणि हे मंदाला माहीत होतं. त्या सबंध कोर्टात मला आणि तिला, दोघींनाच. ती पिंजऱ्यातून माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ओरडेल. शिव्या देईल. काही नाही. ती कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत राहिली — जणू काही आठवतंय का ते बघत होती. ती नजर मला परवडली नाही. शिव्या परवडल्या असत्या.

तर इंटरव्हलनंतर ती केस आली. आणि त्या रद्दी सिनेमात तेवढाच प्रसंग — काय सांगू — खरा होता. सगळं संगीत एकदम बंद. थेटर रिकामं झालेलं, एसी अंगावर येणारा. पडद्यावर बोळ. पोलीस पुढे, आणि त्यांच्यामागून एक बाई, गळ्यात माप घ्यायची टेप. ती मी. माझ्याहून उंच, नाकेली. तिनं साडी उचलून गटार ओलांडलं. मी पुटपुटले, नको गं, जाऊ नको. सरोजनं माझ्याकडे वळून पाहिलं. ती बाई उंबरठ्यात थांबली, मग आत गेली. आणि समोर खुंटीवर हिरवं पोलकं. डाव्या बाहीला टाचण्या.

पोलकं हलत होतं. अगदी थोडं. आत वारा नव्हता, पंखा नव्हता. त्या बाईनं हात पुढे केला आणि बाही चिमटीत धरली, आम्ही कापड बघतो ना, तशी. मग तिनं मान वळवली आणि सरळ बाहेर पाहिलं, आमच्या खुर्च्यांकडे. फार वेळ. दिग्दर्शकाला काय म्हणायचं होतं देव जाणे. बाहेर पडल्यावर सरोज म्हणाली, "तेवढा सीन किती लांबवला गं, कंटाळा आणला."

त्या रात्रीपासून मला ती खोली आठवायला लागली.

दिसायला नाही हं, आठवायला. भाजी चिरताना, बटणं लावताना. रॉकेलचा वास. पत्रा तापल्यावर येतो तो आवाज. कोठीवर पालथी ठेवलेली पितळी परात. आणि पोलक्यावर खिडकीतून पडलेली उन्हाची तिरीप, डाव्या हाताला खिडकी, गज लावलेली. मी स्वतःलाच दटावलं, की बाई, तू सिनेमात पाहिलंस ते. मग उरलेला एक पास वापरून पुन्हा एकटी जाऊन पाहिलं. सिनेमातल्या खोलीला खिडकी नव्हती. परातही नव्हती. मग ही कुठून आली? दुकानात येऊन मी कपाट उघडलं, सगळ्यात खालचा कप्पा, मागची पिशवी. पोलकं होतं. घडीवर रंग उडालेला, टाचण्या गंजून बाहीला तांबडे डाग. हातात धरलं तेव्हा मला मनापासून वाटलं, की हे मी कधीतरी खुंटीवरून काढून आणलंय. घाबरून मी ते परत कोंबलं आणि कुलूप लावलं.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. इथवर तुम्ही कदाचित म्हणाल, जुनी गोष्ट आहे, बाई बिचारी पस्तावलीय. म्हणू नका.

पितृपंधरवडा होता. या दिवसांत नवं कापड कुणी शिवायला टाकत नाही, मशीन थंड. दुपारी लाइट गेलेली. मी कपाटाला पाठ टेकून बसले होते. दारात एक बाई येऊन उभी राहिली, केस पिकलेले, हातात कापडी पिशवी, बोटं झेंडूनं पिवळी झालेली. मी म्हटलं, "पंधरवडा झाल्यावर या हो, नवरात्राचं तेव्हाच घेणार."

"ताई, मी मंदा."

ती सुटून आलीय, हेही मला माहीत नव्हतं. मखमलाबादच्या बाजूला मळ्यात फुलं तोडायला जाते म्हणाली. मी तिला बस म्हणाले. पाणी दिलं. पेला तिच्या हातात न देता टेबलावर ठेवला आणि परत कपाटाला टेकून बसले. तिनं भिंतीवरचा शालीचा फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला.

मग सांगायला लागली. सिनेमा बघायला गेली होती. मजुरीतून तिकीट काढून. "मला वाटलं, पिक्चरवाले लय शोधून काढत्यात म्हणं. ते तरी खरं काय ते दाखवतील." दाखवलं नाही. दाखवलं ते खुंटीवरचं पोलकं.

"आत असताना मी बायांना सांगायचे," ती म्हणाली, "की पोलकं तर ताईंच्या दुकानात हाय. त्या हसायच्या. शपथ घेऊन कोन कशाला खोटं बोलंल, तूच इसरली असशील. आधी मी भांडायचे. मग भांडनं बंद केलं. आता पिक्चर बघितल्यापासनं मला ते दिसतंच ओ. खुंटीवर. कोठीवर परात पालथी. पोलक्यावर असं ऊन पडलेलं." तिनं डावा हात वर करून दाखवला. "खिडकीतनं. पन आमच्या खोलीला खिडकी नव्हतीच कदी."

तिचं-माझं ऊन एकच होतं. जगात कुठेच नसलेल्या खिडकीतून ते आम्हा दोघींवर पडत होतं.

तिचं पुढचं बोलणं मी जसंच्या तसं सांगते, कारण यावरच सगळं आहे.

"मी काय भांडायला नाय आले. झालं ते झालं. पन ते पोलकं जर खुंटीवर असंल, तर डबा बी कोठीत असंल. मंग तो मीच ठेवला असंल. दार बी मीच उघडलं असंल. मी सोनं घेतलं नाय, असं इतकी वर्सं म्हनत आले, आता मलाच माझं कळंना झालंय. रातचं झोप नाय. तुमी एकल्याच हायेत ज्यांना ठावं हाय. होतं का ओ ताई, पोलकं? नुसतं हो का नाय, तेवढं सांगा."

तिनं सोनं घेतलं की नाही, हे मला आजही माहीत नाही. मला एकच गोष्ट माहीत होती, आणि ती नेमकी तीच विचारत होती. कोर्ट नव्हतं. साहेब नव्हते. मला भीती घालणारं जवळपास कुणीही नव्हतं. माझ्या पाठीला कपाटाची कडी रुतत होती, किल्ली माझ्या कमरेला होती. नुसतं उठायचं, वळायचं आणि कुलूप काढायचं — एवढंच!

मी म्हणाले, "हो. होतं."

का म्हणाले ते विचारू नका. मी खूप शोधलं, आणि जे काही सापडतं ते सांगायला गेले की सबब होते.

मंदानं डोळे मिटले. रडली नाही. मोठा श्वास सोडला. "बरं झालं," म्हणाली, "आता डोकं शांत हुईल." मग पदरानं तोंड पुसलं, पाणी प्यायली, पेला विसळून उपडा ठेवला आणि उठली. दारात चप्पल घालता घालता, स्वतःशीच ठरवल्यासारखं बोलली, की आजींच्या नावानं आजवर कधी काही केलं नाही, तेव्हा आता सर्वपित्रीला कावळ्याला घास ठेवायला हवा. माफी मागायला हवी. आजींना घेवड्याची भाजी फार आवडायची, ती करते.

मंडईत घेवडा मिळतो का बघते, म्हणाली, आणि गेली. रस्ता ओलांडून कोपऱ्यावर वळेपर्यंत ती मला दिसत होती. मी तिला हाक मारली नाही.